वाळूखालचं काही दिसतं का? एका सॅटेलाइट मॅप ॲपचा रिव्ह्यू

लोक हे ॲप रस्ते शोधायला वापरतात, मी वाळवंटं बघायला वापरतो, त्यामुळे ट्रॅफिक वगैरे मला विचारू नका. ५ पैकी ४ स्टार.

मला एवढंच बघायचं होतं की जमिनीच्या पोटात ज्या घड्या, फॉल्ट (खडकातली मोठी भेग, जिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकलेल्या असतात), घुमट (वर फुगलेले थर) आहेत त्यांचा वरून पत्ता लागतो का. तर लागतो! झाडं नाहीत, माती नावापुरती, खडक उघडाच, म्हणून वाळवंटात सगळ्यात छान लागतो.

आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या वाळवंटातलं रिशात नावाचं गोल भूरूप उघडून बघाच. जवळपास ४० किमी रुंद, एकात एक कडी. आधी लोकांना उल्केचा खड्डा वाटायचा, पण खालून शिलारस घुसला, वरचे थर फुगले, मग घुमटाचा माथा झिजून गेला आणि कडक क्वार्ट्झाइट खडक तेवढे कड्यांसारखे उरले, मधले मऊ थर खरवडून निघाले. गंमत म्हणजे व्ह्यू वरून न ठेवता जमिनीलगत आडवा केला की गोलबिल काही कळत नाही, नुसत्या बुटक्या टेकड्या.

पण माझं फेव्हरेट कॅलिफोर्नियातली कोचेला व्हॅली. सगळं तपकिरी आणि मधेच ताडांचे हिरवे ठिपके, तेही एका ओळीत. ती ओळ म्हणजे सॅन अँड्रियास फॉल्ट. फॉल्टमध्ये खडक भरडून त्याचं बारीक पीठ होतं, ते जमिनीखालच्या पाण्याला बांधासारखं अडवतं, पाणी वर चढतं आणि झाडांना मिळतं. म्हणजे फॉल्ट स्वतः दिसो न दिसो, झाडं चुगली करतात. तसंच सौदीत वादी साहबा नावाचं कोरडं नदीपात्र आहे, त्याने मधेच वळण घेतलंय कारण खाली खडकांची कमान आहे, त्याच कमानीत घवार या तेलक्षेत्राचं तेल निघालं (१९४८).

आता एक स्टार का कापला. एका ठिकाणी मला सरळसोट रेघ दिसली, एका बाजूला वाळू लालसर, दुसरीकडे फिकट, मी दोन दिवस फॉल्ट सापडला म्हणून खुशीत, आणि निघाला काय तर वेगवेगळ्या तारखांच्या दोन फोटोंचा सांधा!! फोटोची तारीख एवढ्या बारीक अक्षरात कोण लिहितं?

आणि रडार लेयर नाहीच. १९८१ मध्ये कोलंबिया या अंतराळयानावरच्या (शटल) रडारने इजिप्त-सुदानच्या सपाट वाळूखाली बुजलेली नदीपात्रं दाखवली होती, वाळू एकदम कोरडी म्हणून रडारच्या लहरी एक-दोन मीटर आत गेल्या. ॲपमध्ये तोच भाग कितीही झूम करा, नुसता पिवळट कागद.

जाता जाता, सेटिंगमध्ये उंची वाढवून दाखवायचा ऑप्शन आधीच ३ (म्हणजे तिप्पट) वर असतो, तो १ करा. नाहीतर प्रत्येक उंचवटा घुमट वाटायला लागतो, माझे असे चार घुमट नंतर खोडावे लागले.