मिलीअँपवाला डीसी क्लॅम्प मीटर: सीझनभर बोटीवर वापरून

ऑगस्टात मासेमारीबंदी उठली तेव्हापासून हा मीटर (वायरीभोवती जबडा मिटला की करंट दाखवणारा) रत्नागिरीला आमच्या फायबरच्या बोटीवर वापरतोय, सिस्टीम 24 व्होल्टची. घेतला कारण बोट वर ओढली तेव्हा तळाचा पितळी वॉल्व गुलाबी पडलेला, स्क्रूड्रायव्हरने टोकरला तर कपचाच निघाला. मिस्त्री म्हणाला करंट गळतोय, पण कुठून ते कोण सांगणार. साधा क्लॅम्प मीटर इथे उपयोगाचा नाही, एवढा बारीक करंट त्याला कळतच नाही.

वापरायचं कसं, तर प्लस आणि मायनस दोन्ही वायरी एकदम जबड्यात घ्यायच्या. गेला तेवढा परत आला की शून्य, फरक दिसला की तेवढा पाण्यातून चाललाय. एकेक लाईन करत गेलो, वायरलेस ठीक, फिश फाइंडर ठीक, आणि बिल्ज पंपावर (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसतो तो), पंप बंद असताना, 40 मिलीअँप! फ्लोट स्विचचा (पाणी चढलं की पंप चालू करणारा) जोड नुसता टेप गुंडाळून बिल्जच्या पाण्यात पडलेला, टेप काढली तर आत हिरवी पूड. जोड वर घेऊन गोंदवाली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) मारली, आकडा शून्यावर. 40 म्हणजे अँपचा पंचविसावा भाग, किरकोळ वाटेल, पण 1 अँप वर्षभर गळला तर साधारण 9 किलो लोखंड खातो, तुम्हीच हिशोब करा.

लीकेज बघायची दोन बल्बवाली टेस्ट फुकटात होते हे खरं, पण आमच्याकडे मायनस इंजिनच्या बॉडीलाच जोडलेली आहे, तिथे ती कायम लीकेजच दाखवणार. मायनस वेगळी असेल तर आधी बल्बच लावून बघा.

आता वैताग. डीसीला शून्य सरकतं, मीटर नुसता फिरवला तरी 5-10 मिलीअँपचा फरक, म्हणून ज्या दिशेला धरणार त्याच दिशेला धरून झिरो करायचं आणि सेल्फच्या जाड केबलपासून लांब राहायचं. जबडा लहान, बॅटरीच्या दोन केबली एकदम मावत नाहीत. खारी हवा लागून जबड्याच्या तोंडावर गंज धरतो, नीट मिटला नाही की आकडा काहीही येतो, पुसत राहा. बॅकलाईट इंजिनरूममध्ये अगदीच मंद.

जेटीवरच्या 230 व्होल्ट एसीला मात्र झकास चालतो. फेज-न्यूट्रल एकत्र धरा, अर्थिंगची वायर त्यात घेऊ नका नाहीतर लीकेज लपतं. 30 मिलीअँपचा आरसीसीबी (लीकेज झालं की लाईन तोडणारा स्विच) सारखा पडायचा, तर फॉल्ट कुठेच नव्हता, सगळ्या चार्जरांचं थोडंथोडं लीकेज मिळून होत होतं.

किंमत जास्तच आहे. एकच बोट असेल तर दोघातिघांत मिळून घ्या.