व्यायामानंतरची १००० मि.ग्रॅ. व्हिटॅमिन सीची गोळी: रोज नको

तालमीत जोर-बैठका मारणारी आणि रंकाळ्यावर पळणारी पोरं हल्ली घाम पुसायच्या आधी ही फसफसणारी गोळी ग्लासात टाकतात. संत्र्याची चव छान, २०० मिली पाण्यात पटकन विरघळते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात मात्र नळीचं झाकण सैल राहिलं की गोळ्या ओल धरून फुगतात, मग नीट फसफसत नाहीत.

खरी अडचण मात्रेची आहे. व्यायामात स्नायूपेशीत तयार होणारे मुक्त कण (फ्री रॅडिकल्स) आणि लॅक्टेट (म्हणजे बोलीतलं लॅक्टिक ॲसिड) हा नुसता कचरा नव्हे. मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढवायचा निरोप त्यांच्याकडूनही जातो. जास्त मात्रेतलं व्हिटॅमिन सी हे मुक्त कण निष्प्रभ करतं, त्यामुळे तो निरोप अडू शकतो. २००९ सालच्या जर्मनीतल्या प्रयोगात रोज एवढंच व्हिटॅमिन सी आणि सोबत ४०० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांना ४ आठवडे व्यायाम करूनही इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारण्याचा फायदा झाला नाही. न घेणाऱ्यांना झाला. ही गोळी ‘लॅक्टिक ॲसिड धुऊन काढते’ असं म्हणतात, तेही खरं नाही. लॅक्टेट साधारण तासाभरात आपसूक उतरतं, दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीशी त्याचा संबंध नाही.

लागोपाठ कुस्त्या असतील त्या दिवसांत घेतली तर एकवेळ चालेल. सरावाच्या महिन्यांत एक पेरू पुरे, दिवसाची ८० मि.ग्रॅ.ची गरज त्यात भागते.