ईनो लावायचा की अफेक्स ट्विन?

लातूर-संभाजीनगरकडच्या आमच्या अँबियंट, म्हणजे ताल-गाण्यापेक्षा वातावरण उभं करणारं संगीत, ऐकणाऱ्या टोळीत सरळ दोन तट पडलेत. एकीकडे संगीतकार ब्रायन ईनोचा १९७८ चा अल्बम 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स', दुसरीकडे इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या अफेक्स ट्विनचा १९९४ चा 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स व्हॉल्यूम टू'.

ईनोवरचा आक्षेप ठरलेला: "ह्यात काही घडतच नाही की!" घडतं, पण हेडफोन लावून दुसरा तुकडा ऐकावा लागतो. गायलेले सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपच्या लूपवर, म्हणजे टोकं जोडून गोल केलेल्या टेपवर, फिरतात. एक साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, दुसरा जवळपास सव्वीस. त्यामुळे गाठ दर वेळी वेगळी पडते. कधी तीन सूर एकदम, कधी नुसती शांतता. चार तुकडे, पाऊण तासाच्या आसपास, विषय संपला. माझं मत इकडंच.

अफेक्स ट्विनचं प्रकरण अडीच तासांच्या वर जातं. बहुतेक तुकड्यांना नावंच नाहीत, त्यामुळं वाद घालतानाही "तो नाही का, घुमणारा" असं सांगावं लागतं. बीडचा दोस्त म्हणतो, "लाईट गेल्यावर लावू नको, भेव वाटतंय." खरंय त्याचं. लांबी मात्र नडते.

रात्रीच्या एसटीत ईनो इंजिनाच्या घरघरीत पार बुडतो. ट्विनचा खर्ज त्याच घरघरीत मिसळून उलट दाट होतो, तिथं तोच भारी. लातूरच्या क्लासवाल्या पोरांनी अभ्यासाला ईनो लावावा. ट्विन दिवाळीच्या सुट्टीत.