आजीचं अर्धवट भरतकाम आणि त्याची मागची बाजू जपणारी फ्रेम

आजी गेल्यावर तिचं शेवटचं भरतकाम तीन वर्षं जुन्या अभ्र्यात गुंडाळून कपाटात होतं. दोन महिन्यांपूर्वी ते फ्रेम होऊन घरी आलं. घरातल्या माणसाच्या हातचं असं काही तुमच्याकडेही पडून असेल, तर हे वाचा.

आधी आजीबद्दल सांगते, नाहीतर फ्रेमवाल्या ताईंनी काय केलं ते कळायचं नाही. साधारण ६० सेंटिमीटर रुंद कापड, त्यावर एक झाड आणि झाडावर १९ पक्षी. छापील नक्षी तिनं कधी घेतली नाही. पेन्सिलीनं थेट कापडावर काढायची आणि भरता भरता मन बदललं की रेघ खुशाल सोडून द्यायची. प्रत्येक पक्षी घरातला कुणीतरी आहे. मान तिरकी करून बसलेला म्हणजे माझे बाबा, ते पेपर असाच वाचतात. मी खालच्या फांदीवर आहे, चोच उघडी. लहानपणी मी गप्प बसायचेच नाही.

७८व्या वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर तिनं कापड उलगडलं आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "अगं, हा निळा इतका भडक? आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत मला!" मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, त्यामुळे निळा रंग मळकट दिसतो. तिनं आपल्या नजरेला पुरेसा वाटेल असा गडद निळा निवडला होता. (चित्रकार क्लोद मोने यांनीही १९२३ मधल्या ऑपरेशननंतर आपली काही चित्रं पुन्हा रंगवायला घेतली होती. हे तिला सांगायला हवं होतं, फार आवडलं असतं.) तिनं तीन पक्षी पूर्ण उसवले आणि फिक्या निळ्यानं पुन्हा भरले. सहापदरी दोऱ्यातला एकच पदर घेऊन. चार महिने लागले.

तिच्या हातचा एक छोटा रुमाल आम्ही पूर्वी एका दुकानातून फ्रेम करून घेतला होता. तिथं तो पुठ्ठ्यावर सरळ डिंकानं चिकटवला गेला. काही वर्षांतच तपकिरी डाग उमटले, ते आता निघत नाहीत. म्हणून या वेळी फार शोधलं आणि कापडाचंच काम करणाऱ्या एका ताई सापडल्या.

कापड हातात घेतल्यावर त्यांनी आधी ते उलटं केलं. मागच्या गाठी, एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर नेलेले दोरे, उसवलेल्या टाक्यांची भोकं, सगळं भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या, "इथे हात थरथरायला लागलाय, नाही का?" वरच्या उजव्या कोपऱ्यातले टाके खरंच लांब आणि वाकडे आहेत. ती शेवटची दोन वर्षं. मी मान हलवली, बोलता आलं नाही.

कापड धुऊन द्या असं मी सांगितलं होतं. त्यांनी प्रत्येक रंगावर ओला पांढरा कापूस टेकवून पाहिला. लाल उतरला, म्हणून धुणं रद्द. वर जाळी धरून अगदी हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमनं धूळ तेवढी काढली. डिंक कुठेच नाही. आम्लरहित बोर्डावर सुती कापड ताणून त्यावर हे बारीक दोऱ्यानं टाचलंय. काच भरतकामाला टेकू नये म्हणून कडेनं पट्ट्या आहेत आणि काच अतिनील किरण अडवणारी आहे. तरीही उन्हात लावू नका, असं त्यांनी बजावलं. संग्रहालयात जुन्या कापडांवर ५० लक्सच्या आसपासच, म्हणजे अगदी मंद उजेड ठेवतात, कारण उडालेला रंग परत येत नाही. आम्ही फ्रेम बोळातल्या आतल्या भिंतीवर लावली आहे.

सगळ्यात सुंदर गोष्ट मी मागितलीही नव्हती. पाठीमागच्या बोर्डाला त्यांनी एक खिडकी कापली आहे. फ्रेम उतरवून उलटी केली की ते तीन उसवलेले पक्षी मागून दिसतात. जुन्या गडद निळ्याचे दोन-चार तंतू गाठीत अडकून राहिलेत.

उणिवाही आहेत. चार आठवडे सांगितले होते, सात लागले, आणि मधे दोनदा फोन उचलला गेला नाही. फ्रेम जड आहे, साध्या खिळ्यावर राहणार नाही. साध्या फ्रेमपेक्षा पैसेही बरेच जास्त पडतात. तरी पुन्हा गरज पडली तर मी त्यांच्याकडेच जाईन.

एका गोष्टीवरून मात्र आमचं जुंपलं. अर्धवट राहिलेल्या विसाव्या पक्ष्याच्या पंखात आजीची सुई होती, दोरा ओवलेली. ती तशीच राहू द्या, असा माझा हट्ट होता. सुईला गंज चढतो आणि तो कापड खातो, हे त्यांनी मला शांतपणे दोनदा समजावलं. शेवटी सुई काढली, एका लहान पाकिटात घालून मला दिली. दोरा त्यांनी कापला नाही. अर्ध्या पंखातून निघालेला तो फिका निळा दोरा काचेआड बोटभर लोंबतोय.