बिनपाण्याचा जुना आयशर, संत्र्याची बाग आणि नागपूरचा उन्हाळा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ट्रॅक्टर आयशरचा, एका सिलिंडरचा, साधारण २५ एचपीचा. आरसी बुकावर साल १९८७ आहे, त्यामुळे नंबर प्लेटवर अजून एमएच मालिकेच्या आधीची तीन अक्षरं आहेत. आयशरने फरीदाबादला पहिला ट्रॅक्टर काढला तो २४ एप्रिल १९५९ ला. त्यानंतर कित्येक वर्षं छोट्या शेतकऱ्याला परवडणारा ट्रॅक्टर म्हणजे एका सिलिंडरचा, हवेने थंड होणारा आयशर, अशीच ओळख होती. रेडिएटर नाही, पाणी नाही, होज पाइप नाही.

माझा ट्रॅक्टर सावनेरकडच्या एका शेताच्या बांधावर, कडुनिंबाखाली सहा वर्षं उभा होता. मागच्या गणपतीत आणला, जानेवारीपर्यंत खोलला आणि जोडला. फेब्रुवारीपासून मोहप्याजवळच्या आमच्या तीन एकर संत्र्यात तो कामाला आहे. तास मोजायचं मीटर बंद आहे, म्हणून वही ठेवली. वहीत आजपर्यंत १४६ तास भरलेत.

सगळ्यात आधी पत्र्याबद्दल लिहितो, कारण असा ट्रॅक्टर घेणाऱ्याने दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाचावं.

आणला तेव्हा इंजिनाभोवतीचा पत्र्याचा खोका जागेवर नव्हता. आधीचे मालक म्हणाले, "इंजिनले मोकळी हवा लागते, म्हणून काढून टाकला." आमच्या मिस्त्रींनाही ते पटलं. "राहू द्या ना काकाजी, उघडंच बरं. आपल्या इकडची गरमी पाहता का तुम्ही?" मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग इंजिनाचं हेड उतरवलं आणि बॅरल, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते नळकांडं, बाहेर काढला. ब्लोअरकडच्या, म्हणजे हवा मारणाऱ्या पंख्याकडच्या बाजूला आत होनिंगच्या (ऑइल धरून राहावं म्हणून मुद्दाम घासलेल्या) तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. उलट्या बाजूला त्याच बॅरलची भिंत आरशासारखी गुळगुळीत झाली होती, आणि त्यावर नखाला लागतील असे उभे ओरखडे. पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटून बसल्या होत्या. एकाच बॅरलच्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या ट्रॅक्टरांच्या वाटाव्यात, इतका फरक होता.

कारण सरळ आहे. ब्लोअर हवा ढकलतो, पण हवा सोपी वाट धरते. फिनांच्या, म्हणजे बॅरलबाहेरच्या पातळ पात्यांच्या, अरुंद फटींतून जायला तिला कुणीतरी भाग पाडावं लागतं, आणि ते काम तो पत्रा करतो. पत्रा काढला की हवा समोरच्या फिनांना लागते आणि बाजूने निघून जाते. मागची बाजू तापत राहते, बॅरल एकसारखा फुगत नाही, ऑइलचा थर टिकत नाही आणि रिंगा घासतात. पाण्याच्या इंजिनाला रेडिएटर जसा, तसा याला हा पत्रा.

जुना पत्रा कुठेच मिळाला नाही. पुठ्ठ्याचे तुकडे कापून, इंजिनाला बांधून, तीन वेळा साचा बदलला आणि नागपूरजवळच्या वाडीतल्या एका पत्रेवाल्याकडून २० गेजच्या पत्र्याचा खोका करून घेतला. ट्रकच्या केबिनची कामं करणारा माणूस, पण त्याने कडा इतक्या नीट दुमडून दिल्या की फिना आणि पत्रा यांच्यात जेमतेम बोटभर जागा राहिली. हवा आत राहावी एवढीच अपेक्षा होती, ती पूर्ण झाली.

तरी मे महिन्यात एक प्रसंग आलाच. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते. वाळलेल्या गवतात कल्टिव्हेटर चालू होता आणि साडेअकराच्या सुमारास गरम ऑइलचा वास आला. पाठोपाठ इंजिनाचा आवाज जड झाला. मी कल्टिव्हेटर उचलला, गिअर काढला, पण इंजिन बंद केलं नाही. सावलीत सहा-सात मिनिटं कमी रेसवर चालू ठेवलं. हवेच्या इंजिनाला तापल्यावर लगेच बंद केलं तर ब्लोअरही थांबतो आणि सगळी उष्णता हेडमध्येच कोंडून राहते.

संध्याकाळी खोका काढला. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल पाझरत होतं, फार नाही, दिवसाला चमचाभर असेल. त्या ओल्या फिनांवर गवताचा भुसा आणि काळ्या मातीची धूळ बसून नमदा झाला होता. चार फटी पूर्ण बुजलेल्या. पाण्याच्या इंजिनावर एवढ्याशा गळतीकडे कुणी पाहतही नाही. फडक्याने पुसतो आणि चालतो. इथे तीच गळती इंजिन खाते. पॅकिंग एका दुकानातून आणलेलं, लाकडासारखं कडक झालेलं होतं. ते फेकून मऊ कॉर्कचं बसवलं.

तेव्हापासून उन्हाळ्यात दर पंचवीस तासांनी आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा खोका उतरतो. फिना साफ करायला मी बांबूची पातळ कामटी वापरतो. स्क्रूड्रायव्हर घातला की फिनांचे काठ तुटतात, हे भंगारात पडलेल्या एका हेडवर पाहिलं आहे. कामटीने खरवडायचं, रॉकेल मिळत नाही म्हणून डिझेलचा ब्रश फिरवायचा आणि मग कॉम्प्रेसरची हवा ब्लोअरच्या उलट्या दिशेने मारायची. डिझेल पूर्ण वाळल्याशिवाय सुरू करायचं नाही, नाहीतर पुढची धूळ त्यावरच बसते. सगळं मिळून पाऊण तासाचं काम. या नऊ महिन्यांत इंजिनासाठी यापेक्षा मोलाचं मी दुसरं काही केलेलं नाही.

त्या दिवसानंतर पूर्ण नवतपा ट्रॅक्टर चालला, सकाळी साडेपाच ते दहा. एकदाही वास आला नाही. शेजारच्या बागेतला नवा ट्रॅक्टर त्याच आठवड्यात पाणी उकळून दोनदा थांबला होता, हे मुद्दाम नोंदवतो.

आता थरथर. एका सिलिंडरचं इंजिन म्हणजे नट ढिले होणारच. पहिल्या दहा तासांत हेडलाइटची पट्टी तुटली, मडगार्डचे दोन बोल्ट बागेत कुठेतरी पडले. आता जिथे जमलं तिथे नायलॉक नट, बाकी ठिकाणी स्प्रिंग वॉशर, आणि प्रत्येक नटावर आवळल्यानंतर पांढऱ्या रंगाची एक रेघ. सकाळी ऑइल पाहताना रेघ सरकलेली दिसली की पाना लावायचा. आवाजही मोठा आहे, कानात बोळे घातल्याशिवाय तासभराहून जास्त बसू नये.

गंज काढायला विजेची पद्धत वापरली. प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह साध्या लोखंडी सळईला. सळई स्टेनलेसची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करा, कारण हायड्रोजन सुटतो. लीव्हर, पेडल, कड्या रात्रभरात काळ्या होऊन निघतात आणि तारेच्या ब्रशने स्वच्छ होतात. रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे: आधी इंजिन, मग ब्रेक, मग स्टिअरिंग, रंग सगळ्यात शेवटी. माझ्या बॉनेटवर अजून जुनाच रंग आहे आणि तो तसाच राहणार.

बागेतलं काम. आमची झाडं २० बाय २० फुटांवर, सव्वातीनशेच्या आसपास. ओळीतून हा ट्रॅक्टर आरामात जातो, आणि वजन बेताचं असल्याने काळी माती फार दाबली जात नाही. कल्टिव्हेटर चार इंचांच्या खाली जाऊ देत नाही, कारण संत्र्याची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर थरातच असतात. हलक्या कामाला तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल लागतं. पावसाळ्यात मात्र जुलैचे पंधरा दिवस तो शेडमध्येच उभा होता. ओल्या काळ्या मातीत मागची चाकं फिरत राहतात, आणि तिथे २५ एचपीकडून जास्त अपेक्षा करू नये.

वळताना चाकाचा हब खोडाला घासला तर साल निघते आणि तिथूनच डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) शिरतो. जूनमध्ये पुतण्याच्या हातून दोन झाडं अशी खरवडली गेली. त्याच संध्याकाळी जखमा साफ करून बोर्डो पेस्ट लावली, दोन्ही झाडं सध्या ठीक आहेत. त्यानंतर ओळीच्या टोकाचं प्रत्येक खोड चुन्याने रंगवलं, म्हणजे वळताना नजरेत येतं.

पीटीओच्या, म्हणजे फवारणी यंत्रासारखी अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर झाकण नव्हतं. पहिल्या दिवशी ते करून घेतलं, बाकी सगळं नंतर. शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला नऊ. बागेत काम करणाऱ्या बायांचा पदर किंवा माझा दुपट्टा त्यात अडकला तर हात वर करायलाही वेळ मिळणार नाही. फवारणी चालू असताना शाफ्टच्या जवळ कुणी उभं राहायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे. जुना ट्रॅक्टर घेतलात तर रंगाचा डबा आणण्याआधी हे झाकण बसवा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

सुटे भाग मिळतात. आयशरचा ट्रॅक्टरचा व्यवसाय २००५ मध्ये टाफे या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला, नाव चालू राहिलं, त्यामुळे फिल्टर, रिंगा, क्लच प्लेट यासाठी मला नागपूरबाहेर जावं लागलं नाही. अडलं ते पत्र्याचे भाग आणि रबरी बूट यांच्यावर. खर्च असा झाला: ट्रॅक्टर ६२,००० रुपये, इंजिन आणि क्लच ४१,०००, पंप आणि नोझलचं काम ९,०००, बाकी टायर, वायरिंग, पत्रा धरून एकूण १,३८,०००. पैसे देण्याआधी आरसी बुक नीट वाचा. नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. ते बरीच वर्षं झालेलं नसेल तर भाव तसा करा. माझे यात तीन महिने गेले.

पोळ्याला यंदा बैलांच्या शेजारी ट्रॅक्टरलाही हार घातला, आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी वस्तीतली सगळी मुलं लाकडी बैल घेऊन त्याच्याभोवती फोटोला उभी होती. एवढ्या आवाजाच्या यंत्राजवळ मुलांना जाऊ देतो ते फक्त किल्ली माझ्या खिशात असताना.

सध्या एक दुखणं बाकी आहे. डाव्या मागच्या ॲक्सलच्या ऑइल सीलमधून ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतंय आणि तो ब्रेक उजव्याच्या निम्माच लागतो. सील आणून ठेवलं आहे. डिसेंबरमध्ये आंबिया बहारासाठी (उन्हाळ्याआधीच्या फुलोऱ्यासाठी) बाग ताणावर सोडली, म्हणजे पाणी तोडलं, की ट्रॅक्टरला काम नसतं, तेव्हा चाक उतरवणार. तोपर्यंत बागेच्या फाटकाबाहेर तो काढत नाही, आणि पुतण्यालाही तसं सांगून ठेवलं आहे.