घरी बनवलेला फिश टँकचा स्टँड अन् हूड : आठ महिन्यांनी बिजागरीनं दाखवलेला इंगा

परवा रात्री मासोळ्यांना दाणा टाकायला हूड उचलला अन् डावी बिजागरी हातातच आली. झाकणाचा एक कोपरा पाण्यात, अन् त्याच कोपऱ्यात २३० व्होल्टची एलईडी पट्टी. नशीब, लाइट गेलेली होती. गावात लाइट गेल्याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला.

स्टँडबद्दल तक्रार नाही. तीन फुटी टँक, पाणी-वाळू-काच धरून दोनशे किलोच्या घरात. दीड इंची अँगल, वेल्डिंगवाला म्हणाला, "भाऊ, याच्यावर गोऱ्हा उभा केला तरी हालत नाही." नाही हालला. टँकखाली थर्माकोल टाकलं अन् पायांना बोल्ट लावून घेतले. आमची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशी जागेवर राहत नाही. ऑगस्टमध्ये पाणसळ ठेवली तर एक कोपरा वर. अर्धं पाणी उपसलं, पान्ह्यानं दोन आटे फिरवले, काम झालं.

खरी रड हूडची. प्लायचे तुकडे घरचेच, आतून पांढरा ऑइलपेंट. दुकानात पितळी बिजागरीची जोडी नव्वद रुपयांना होती. मी जुन्या ट्रंकेच्या लोखंडी काढून लावल्या. नव्वद रुपये वाचले!

आम्ही खारपाणपट्ट्यातले, दर्यापूरकडचे. बोअरचं पाणी इतकं खारं की बादलीवरही पांढरा थर धरतो. वाफ बिजागरीवर, शिंतोडे बिजागरीवर, महिन्याभरात तांबूस ओघळ. तेल लावता येत नाही, पाण्यावर तवंग येतो. मेणबत्ती घासली. बायकोची नेलपॉलिश लावली. पंधरा दिवसांत गंज पुन्हा हजर.

मार्चमध्ये मी सगळ्यांना सांगत होतो, हूड बंदिस्तच पाहिजे. ते मागे घेतो. मेमध्ये पाणी ३४ अंशांवर गेलं अन् मासोळ्या वर येऊन तोंडं मारू लागल्या. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो. मग हूडची मागची बाजू कापली, जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवला. कूलरचंच तत्त्व, कोरड्या हवेत तीन अंश उतरले. पावसाळ्यात मात्र त्याचा उपयोग शून्य.

पण पाणी वाफ होऊन उडालं तरी खार टँकमध्येच राहतो, अन् मी वरून पुन्हा बोअरचंच ओतत होतो. मोली जातीच्या मासोळ्यांना खारं चालतं. टेट्रा जातीच्या पाचही मेल्या. आता फिल्टरचं पाणी टाकतो, तर माय रोज ऐकवते, "आपल्याले पियाले पुरत नाही, अन् मासोयांले फिल्टरचं!"

पट्टी आता १२ व्होल्टची लावली, अडॅप्टर बाहेर भिंतीवर. वायर सॉकेटच्या खाली झोका देऊन नेली, म्हणजे थेंब ओघळला तरी खालीच गळतो.

बिजागरी पितळीच आणली. जोडी आता एकशेदहाला, अन् दुकानदार एक सुटी देत नाही. उजवी ट्रंकेची अजून धरून आहे, तिला राहू दिली. उरलेली पितळी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.