लवचीक आरशाचे पायझो अचूक चालवण्यासाठी कोणते विद्युत मापन निवडावे?

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयात टेबलावर मावेल असा अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सचा (आरशाचा आकार बदलून प्रकाशातली विकृती दुरुस्त करण्याचा) संच उभारणाऱ्याला लवचीक आरसा निवडून झाल्यावर, व्होल्टेज दिले की लांबी बदलून तो आरसा वाकवणाऱ्या पायझो अ‍ॅक्च्युएटरच्या हिस्टेरेसिसला तोंड द्यावेच लागते. एकाच व्होल्टेजला पायझो चढताना एका जागी असतो आणि उतरताना दुसऱ्या. हा फरक एकूण सरकण्याच्या १० ते १५ टक्के असू शकतो. आरसा ५ मायक्रोमीटर सरकत असेल, तर ही चूक अर्ध्या मायक्रोमीटरच्या पुढे जाते. उलट ५५० नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी मारेशालच्या, म्हणजे प्रतिमा जवळजवळ निर्दोष राहण्याच्या, निकषानुसार तरंगाघाडीतली (प्रकाशलहरीच्या आकारातली) एकूण चूक सुमारे ४० नॅनोमीटरपर्यंतच चालते आणि परावर्तनात ती दुप्पट होत असल्यामुळे आरशाच्या पृष्ठभागाच्या वाट्याला जेमतेम २० नॅनोमीटर येतात. व्होल्टेज स्थिर ठेवले तरी पायझो हळूहळू सरकत राहतो, ती क्रीप याशिवाय वेगळी.

खर्चाचा विचार करण्यापूर्वी आपला संच बंद लूपचा आहे की खुल्या लूपचा, हे ठरवावे. प्रकाशलहरीची विकृती मोजणारा वेव्हफ्रंट सेन्सर आरशानंतर बसवलेला असेल (बंद लूप), तर आरशाची चूक त्याला दिसते आणि पुढच्या फेरीत दुरुस्त होते. हिस्टेरेसिसमुळे फार तर लूप थोडा मंदावतो. अशा संचासाठी वेगळे मापन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेन्सर आरशाच्या आधी असेल (खुला लूप), किंवा सूक्ष्मदर्शकात सेन्सरच नसून प्रतिमा पाहून दुरुस्ती करायची असेल, तर मात्र अ‍ॅक्च्युएटर सांगितले तेवढाच सरकला पाहिजे, आणि तिथे पुढील पर्यायांची तुलना कामाची ठरते.

पहिला पर्याय विद्युतभार मोजण्याचा. पायझोचे विस्थापन व्होल्टेजपेक्षा त्यावरच्या विद्युतभाराशी कितीतरी अधिक सरळ प्रमाणात असते, हे न्यूकम आणि फ्लिन यांनी १९८२ मध्येच दाखवले होते, आणि या पद्धतीने हिस्टेरेसिस एक-दोन टक्क्यांवर आणता येतो. रचना सोपी आहे: पायझोशी एकसरीत (सिरीजमध्ये) एक मोठा, कमी गळतीचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर जोडायचा आणि त्यावरचे व्होल्टेज हव्या त्या किमतीला येईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायरने पायझोला रेटायचे. पायझो १ मायक्रोफॅरडचा आणि मापनाचा कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा धरला, तर पायझोवर १०० व्होल्ट असताना मापनाच्या कपॅसिटरवर १० व्होल्ट मिळतात. हा संकेत भरभक्कम आहे आणि प्रत्येक अ‍ॅक्च्युएटरमागे लागणारे सुटे भाग स्वस्त आहेत.

या पद्धतीची खरी अडचण गळती आहे, आणि किनाऱ्यावर ती दुर्लक्षून चालत नाही. पायझोचा इन्सुलेशन रोध १००० मेगाओम असेल, तर धरून ठेवलेला विद्युतभार मिनिटाभरात सुमारे ६ टक्के गळतो. जून ते सप्टेंबरच्या दमट, खाऱ्या हवेत टर्मिनलांवर आणि सर्किट बोर्डावर ओलसर थर बसून तोच रोध १०० मेगाओमवर आला, तर मिनिटाभरात जवळजवळ निम्मा विद्युतभार जातो. मापनाच्या कपॅसिटरवरचा आकडा मात्र बदलत नाही, त्यामुळे अ‍ॅक्च्युएटर खाली आला तरी सर्किटला ते कळत नाही. म्हणून सेकंदाला अनेकदा बदलणाऱ्या दुरुस्तीसाठी ही पद्धत उत्तम आहे, पण एकच आकार मिनिटेच्या मिनिटे धरून ठेवायचा असेल तर अपुरी आहे. वीज गेली की शून्यबिंदूही हरवतो, आणि परत आल्यावर कमी कमी होत जाणारी आंदोलने देऊन पायझो पुन्हा मूळ स्थितीला आणावा लागतो. आणखी एक गोष्ट आरसा मागवण्याआधीच विचारून घ्यावी: सर्व अ‍ॅक्च्युएटरांचे एक टोक आरशाच्या धातूच्या बैठकीला एकत्र जोडलेले असेल, तर ग्राउंडच्या (शून्य व्होल्टेजच्या) बाजूला प्रत्येकाचा वेगळा कपॅसिटर बसवता येत नाही, आणि उच्च व्होल्टेजच्या बाजूने मोजणारे सर्किट बरेच अवघड होते.

दुसरा पर्याय स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताणल्यावर रोध बदलणाऱ्या पट्टीचा. त्याचे बलस्थान नेमके तिथे आहे जिथे विद्युतभार कमी पडतो. गेज पायझोच्या अंगावर चिकटवलेला असल्यामुळे तो प्रत्यक्ष लांबी मोजतो, स्थिर अवस्थेतही मोजतो आणि वीज जाऊन परत आल्यानंतरही तोच शून्य दाखवतो. मात्र त्याचा संकेत फार दुबळा असतो. लांबीत ०.१ टक्का बदल झाला आणि एकच गेज असलेल्या ब्रिजला (रोधातला बारीक फरक मोजणाऱ्या चार रोधांच्या सर्किटला) ५ व्होल्ट दिले, तर जेमतेम २.५ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे एक टक्का अचूकतेसाठी २५ मायक्रोव्होल्ट ओळखावे लागतात, तेही इन्व्हर्टरच्या गोंगाटात. शेजारच्या विजेने मापन बिघडते याची कोकणाला जुनी ओळख आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे भूचुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला न्यावे लागले. गेजचा गोंद ओलावा शोषतो आणि वाचन सरकते, म्हणून त्यावर ओलावारोधक लेप हवाच; तापमानासाठी शक्यतो अर्धा ब्रिज (दोन गेजांचा) वापरावा.

दोन पट्ट्यांची धारिता (कपॅसिटन्स) मोजून त्यांतले अंतर सांगणारा कपॅसिटिव्ह सेन्सर या सगळ्यांत अचूक आहे. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या ११७० अ‍ॅक्च्युएटरांच्या लवचीक दुय्यम आरशात प्रत्येक व्हॉइस कॉइलजवळ (आरसा सरकवणाऱ्या चुंबकीय वेटोळ्याजवळ) असा सेन्सर आहे. पण १ चौरस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या १०० मायक्रोमीटर अंतरावर ठेवल्या तर धारिता सुमारे ९ पिकोफॅरड येते, आणि १ नॅनोमीटरच्या हालचालीने ती लाखात एक इतकीच बदलते. त्यासाठी गार्ड (बाहेरचा गोंगाट व गळती अडवणारे आवरण) असलेल्या केबल आणि दव न साचणारी बंद पेटी लागते. लहान संचात प्रत्येक अ‍ॅक्च्युएटरला तो बसवणे खर्चाच्या दृष्टीने मला पटत नाही. एकच सेन्सर घेऊन बाकीची मापने कॅलिब्रेट करायला वापरावा.

पायझोची स्वतःची धारिता लहानशा उच्च वारंवारतेच्या संकेताने मोजून स्थान ओळखण्याचाही मार्ग आहे. त्यात वेळेनुसार सरकणे नसते, पण धारिता तापमानाबरोबरही बदलते, त्यामुळे तो एकट्याने न वापरता विद्युतभाराच्या मापनाला संथ आधार म्हणून जोडावा.

१९ किंवा ३७ अ‍ॅक्च्युएटरांच्या खुल्या लूपच्या संचासाठी, आणि दोन्ही टोके वेगळी मिळत असतील तर, मी विद्युतभाराचे मापन निवडेन, तीन-चार अ‍ॅक्च्युएटरांना स्ट्रेन गेज लावेन आणि सिलिका जेल घातलेल्या पेटीत सगळे बंद ठेवेन. टोके एकत्र असतील, किंवा आकार दीर्घकाळ धरायचा असेल, तर सगळीकडे स्ट्रेन गेजच घ्यावेत. कोणताही निर्णय पक्का करण्याआधी पायझोला १०० व्होल्ट देऊन गळतीचा प्रवाह एकदा मे महिन्यात आणि एकदा भर जुलैत मोजावा, कारण १०० नॅनोअँपिअर आणि १ मायक्रोअँपिअर यांतला फरकच इथे निवड ठरवतो.